दोन संमेलने आणि एक पडदा

यवतमाळला १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या संमेलनाच्या वेळी नयनतारा सहगल यांच्या निमंत्रणावरून झालेला वाद वाचकांना ठाऊक आहेच. त्याविषयी येथे लिहायचे नाही. या दोन संमेलनांच्या मधल्या सेहेचाळीस वर्षांत छायाचित्र सुधारण्याचे साधन कसे पालटले, एवढाच आमचा विषय. जुना लॅपटॉप थकल्यावर खेळ आणि छायाचित्रे या दोन्हींसाठी नवा कोणता घ्यावा, हा प्रश्न आज अनेक विद्यार्थ्यांपुढे आहे. त्याचे उत्तर या इतिहासातच दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

१९७३ च्या सुमारास स्टुडिओत निगेटिव्ह उजेडासमोर तिरकी ठेवून, बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरून काढीत. कागदावरचे पांढरे ठिपके मग कुंचल्याने बुजवीत. हात घसरला तर निगेटिव्ह बिघडण्याची भीती असे. नेमक्या त्याच वर्षी कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' ही संगणकावर चित्र रंगवण्याची प्रणाली सिद्ध केली. आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, 'पाँग' हा खेळ अमेरिकेत आला होता. खेळ आणि चित्र पडद्यावर आले ते असे पाठोपाठ.

'फोटोशॉप' बाजारात आले १९९० साली. ते रचणाऱ्या नोल बंधूंच्या वडिलांची घरीच डार्करूम होती, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. छपाई करताना उजेड हाताने अडवून चेहरा उजळ ठेवायचा किंवा जास्त उजेड देऊन आकाश गडद करायचे, या डार्करूममधल्या युक्त्या 'डॉज' आणि 'बर्न' या नावांनी त्यात तशाच उतरल्या. खेळाकडून आले ते वेगळेच. १९९९ नंतर खेळातील दृश्ये झरझर रेखाटण्यासाठी ग्राफिक्स कार्डे बलिष्ठ होत गेली आणि २००८ पासून फोटोशॉपही त्यांच्याकडून काम करून घेऊ लागले. म्हणून आज एकच यंत्र दोन्ही हौशी भागवू शकते.

फाटा फुटतो तो पडद्यापाशी. खेळणाऱ्याला पडदा चपळ हवा, सेकंदाला १४४ वेळा चित्र पालटणारा. छायाचित्रकाराला तो खरा हवा. १९९६ साली पुढे आलेली एसआरजीबी ही रंगमर्यादा त्याला जवळजवळ पूर्ण लागते. खेळासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त लॅपटॉपांपैकी पुष्कळांचे पडदे त्यातले दोन तृतीयांश रंगही जेमतेम दाखवतात. दुकानदार ग्राफिक्स कार्डाचा आकडा तोंडपाठ सांगतो. पडद्याचा आकडा विचारल्यावर मात्र कागद धुंडाळू लागतो.

हा निव्वळ हौसेचा मामला नाही. आज घरोघरचे आणि संस्थांचे जुने फोटो स्कॅन होत आहेत. फिक्या पडद्यावर बसून आजीच्या लुगड्याचा रंग कोणी 'दुरुस्त' केला, मूळ प्रत पुढे वाळवीने खाल्ली, तर तो खोटा रंगच उरेल. उद्याचा अभ्यासक तोच पुरावा मानील. पेन्सिलीची चूक निदान निगेटिव्हवर दिसत तरी असे.

तेव्हा आमचा कौल असा : आधी पडदा, मग १६ जीबी स्मरणशक्ती, मग मध्यम ग्राफिक्स कार्ड. फार बारीक अंगाचे यंत्र टाळावे. यवतमाळचा मे महिना चाळिशीपार जातो. त्यात हवा खेळायला जागा नसलेला लॅपटॉप तापतो आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. विंडोज १० ची नित्याची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, एवढ्याच कारणाने यंत्र बदलणाऱ्यांनी आपले जुने यंत्र विंडोज ११ चालवू शकते का, हे आधी पाहावे. बदलायचेच ठरले तर खरेदीला जाताना घरचा एक रंगीत कागदी फोटो आणि पेन ड्राइव्हवर त्याचे स्कॅन सोबत न्यावे. दुकानात दोन्ही शेजारी धरून पाहावीत, पडदा थोडा मागेपुढे कलवून पाहावा. जुन्या लॅपटॉपची डिस्क मात्र, सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून होईपर्यंत, भंगारात देऊ नये.