लॉगरहेड : एका समुद्रकासवाच्या ओळखीचा इतिहास

दशावतारांत आपण कूर्माला दुसरे स्थान दिले आणि शंकराच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव बसवले. परंतु हे कासव कोणत्या जातीचे, असा प्रश्न कोणाही भाविकाला पडत नाही. भक्तीसाठी तेवढी चौकशी लागत नाही. एखाद्या प्राण्याचे रक्षण करावयाचे म्हटले की मात्र ती चौकशी टाळून चालत नाही. ही गोष्ट जगाला किती उशिरा उमगली, हे पाहावयाचे असेल तर लॉगरहेड नावाच्या समुद्रकासवाचा इतिहास पाहावा.

समुद्रकासवांच्या जाती अवघ्या सात. त्यांपैकी लॉगरहेड म्हणजे ओंडक्यासारख्या डोक्याचे कासव. हे डोके नुसते शोभेचे नव्हे. शंख-शिंपल्यांची जाड कवचे फोडून खाणाऱ्या जबड्याच्या स्नायूंना तेवढी जागा लागतेच. लिनियस ह्या स्वीडिश पंडिताने १७५८ साली ह्या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले, त्यात 'कॅरेट्टा' हा शब्द घातला. गंमत अशी, की वेस्ट इंडीजच्या फ्रेंच बेटांवर 'कारे' म्हणतात ते हॉक्सबिल कासवाला, ज्याच्या खवल्यांच्या फण्या आणि पेट्या होत असत त्याला. म्हणजे शास्त्रात नोंद झाली त्याच दिवशी बिचाऱ्याच्या गळ्यात शेजाऱ्याचे नाव पडले!

ह्याहून मोठा घोटाळा पुढेच होता. १८२९ साली एशशोल्ट्झ ह्या निसर्गशास्त्रज्ञाने मनिलाच्या उपसागरातील एका लहानशा, हिरवट करड्या कासवाचे वर्णन प्रसिद्ध केले. हेच ते ऑलिव्ह रिडले. आपल्या कोकणात वेळासच्या वाळूवर २००२ सालापासून ज्याची घरटी राखली जात आहेत, ते हेच. परंतु कित्येक पंडितांनी रिडलेला लॉगरहेडचाच एक प्रकार मानले. 'ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राणिसृष्टी' ह्या ग्रंथमालेतील १९३१ सालच्या खंडात माल्कम स्मिथसारख्या अधिकारी लेखकानेही रिडलेची गणना लॉगरहेडखालीच केली. ग्रंथच असे बोलू लागल्यावर किनाऱ्यावरच्या टिपणकाराने काय करावे? दिसले रिडले, लिहिले लॉगरहेड, असे पुष्कळदा झाले. भारताच्या किनाऱ्यावरील लॉगरहेडच्या घरट्यांच्या कित्येक जुन्या नोंदी अशा रीतीने वस्तुतः रिडलेच्या ठरल्या आहेत.

हा गुंता सोडवण्याच्या कामी सिंहलद्वीपाचे देरणियगल ह्यांचा वाटा मोठा आहे. कोलंबोच्या संग्रहालयाशी निगडित असलेल्या ह्या विद्वानाने १९३० नंतरच्या दशकात ही कासवे शेजारी शेजारी ठेवून त्यांचे खवले मोजले. मोजणी म्हणजे काय, हे इथे सांगून टाकतो, कारण ती कोणालाही करता येते. पाठीच्या ढालीवर मधोमध एक रांग सोडून तिच्या दोन्ही अंगांना जे मोठे शिंगी खवले असतात, ते मोजावयाचे. हिरव्या कासवाला आणि हॉक्सबिलला त्यांच्या चार जोड्या. लॉगरहेडला बहुधा पाच, आणि त्यांतील पहिली जोडी मानेवरच्या आडव्या खवल्याला टेकलेली. रिडलेला सहा किंवा त्याहून अधिक. तरीही शंका उरली, तर कासव उलटे करून पोटाची ढाल व पाठीची ढाल जिथे जुळतात तिथे पाहावे : लॉगरहेडला एका बाजूस तीन खवले, बिनछिद्रांचे, रिडलेला चार, आणि प्रत्येकात एक बारीक छिद्र. रंगावर मात्र विश्वास टाकू नये. लॉगरहेड तांबूस तपकिरी असते हे खरे. पण शेवाळ आणि शंखकाकडे चढलेल्या पाठीचा रंग कोण सांगणार?

कोणी म्हणेल, खवले पाच की सहा ह्याने कासवाचे काय अडले? अडले ते असे. लॉगरहेड भारताच्या किनाऱ्यावर घरटे करते असा निर्विवाद पुरावा नाही. मग ह्या आपल्या अरबी समुद्रातली लॉगरहेडे अंडी घालतात कोठे? मुख्यतः पलीकडच्या काठावर, ओमानच्या मसीरा बेटावर. जोवर ओडिशात, मद्रासेत, सर्वत्र 'लॉगरहेड' लिहिले जात होते, तोवर ही जात फार थोड्या किनाऱ्यांवर टेकून उभी आहे हे कोणाला दिसणार होते?

मसीऱ्याकडे पुन्हा येऊ. तत्पूर्वी जपानला जाणे भाग आहे, कारण ह्या कासवाच्या रक्षणाचा एक आरंभ तिथे एका शाळेत झाला. शिकोकू बेटावर हिवासा नावाचे लहान गाव आहे. युद्धानंतरचे उपासमारीचे दिवस होते. १९५० साली तिथल्या ओहामा किनाऱ्यावर, मांस काढून घेतलेले कासव माध्यमिक शाळेच्या मुलांना दिसले. मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी त्या वर्षी लॉगरहेडचा अभ्यास सुरू केला. माद्या केव्हा येतात, अंडी किती, पिल्ले किती दिवसांनी निघतात, हे रात्री जागून टिपले. १९६७ साली हा किनारा व तिथे येणारी कासवे ह्यांना सरकारने राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिले. १९५० सालच्या त्या पिल्लांपैकी एकाने तिथल्या कासव-संग्रहालयात सत्तरी ओलांडली. मला वाटते, दिल्ली-टोकियोच्या परिषदांपेक्षा अशी एखादी शाळा अधिक काम करून जाते.

परंतु किनारा राखला म्हणजे कासव राखले असे होत नाही. जपानी पिल्ले समुद्रात शिरल्यावर जातात कोठे? पॅसिफिकच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाजवळ, तरुण लॉगरहेडे विपुल दिसत, पण तिथे घरटे एकही नाही. ती बहुतेक जपानचीच, हे १९९५ साली रक्तातील आनुवंशिक खुणांवरून सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी पाठीवर यंत्र बसवलेली 'अदेलिता' नावाची मादी बाहाहून सोडण्यात आली. ती ३६८ दिवसांत जपानपर्यंत पोहोचली. म्हणजे हिवासाच्या मुलांनी जपलेले पिल्लू मेक्सिकोच्या कोळ्याच्या जाळ्यात गुदमरत होते, आणि दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती.

अमेरिकेत अशीच जाग निराळ्या मार्गाने आली. तिथे १९७८ साली लॉगरहेडला कायद्याने संरक्षण मिळाले होते आणि सारा उत्साह अंड्यांवर खर्च होत होता. १९८७ साली क्राउस, क्राउडर व कॅसवेल ह्या तिघांनी हिशेब मांडून दाखवले, की अंडे न् अंडे वाचवले तरी, मोठी पण अद्याप वयात न आलेली कासवे मरत राहिली तर जात घटतच राहील. लॉगरहेडला वयात यायला दोन-तीन दशके लागतात. इतकी वर्षे सांभाळलेले जनावर मरणे म्हणजे पिकल्या शेताला आग लागण्यासारखे. १९९० साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन मंडळाने अंदाज केला, की कोळंबीच्या जाळ्यांत वर्षाला ५,००० ते ५०,००० लॉगरहेडे बुडून मरत असावीत. उपाय मात्र एका कोळ्याच्या डोक्यातून निघाला. जॉर्जियाच्या सिंकी बून ह्याने जाळ्यात शिरणारे जेलीफिश बाहेर टाकण्यासाठी गजांची जाळी बसवली होती. तीतून कासवही सुटते असे दिसले. १९८७ साली असे साधन सक्तीचे झाले, आणि कोळ्यांनी बंदरे अडवून त्याला कडाडून विरोध केला. तरी मोठी लॉगरहेडे त्या फटीतून निघेनात, म्हणून २००३ साली ती रुंद करावी लागली.

आता मसीरा. १९७७ नंतरच्या पाहणीत तिथे वर्षाला सुमारे ३०,००० माद्या येतात असा अंदाज निघाला. जगातील ही सर्वांत मोठी वसाहत म्हणून गणली गेली. एवढी संख्या ऐकून जग निर्धास्त झाले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्गरक्षण संघाने समस्त लॉगरहेड जातीला 'असुरक्षित' म्हटले, पण वायव्य हिंदी महासागरातील शाखेला, म्हणजे मुख्यतः मसीऱ्याच्या कासवांना, 'अतिसंकटग्रस्त' ह्या शेवटच्या पायरीवर बसवले. पुढील पाहणीत असे दिसले, की दोन दशकांत तिथली घरटी जवळजवळ पाचपटींनी घटली आहेत. भारताच्या १९७२ सालच्या वन्यजीव कायद्यात लॉगरहेड पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्या एखाद्या बंदरात जाळ्यात आलेले तांबूस पाठीचे, मोठ्या डोक्याचे कासव दिसले, तर ते परत पाण्यात सोडण्यापूर्वी त्याच्या पाठीच्या कडेचे खवले मोजावेत आणि आकडा वनखात्याला कळवावा. पाच जोड्या भरल्या, तर ते बहुधा मसीऱ्याच्या त्या उरलेल्यांपैकी एक असेल.