खारी हवा, काळी वाळू आणि रिमोटची गाडी

प्रतिनिधी, वसई

ओहोटी लागली की अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यांवर ओलसर, टणक वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. विजेवर चालणारी रिमोट कंट्रोल गाडी मनसोक्त पळविण्यासाठी वसई-विरारच्या दाटीवाटीत याहून चांगली जागा सहसा मिळत नाही. पूर्वेला महामार्गापलीकडे मुरमाचे रस्ते आहेत, भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते आहेत. पण ओढा असतो तो किनाऱ्याकडेच. अडचण एवढीच, की रविवारी सुसाट धावलेली गाडी दोन-तीन आठवड्यांनी खोक्यातून बाहेर काढावी, तर एखादे चाक आवळल्यासारखे झालेले असते, स्टिअरिंग एका बाजूला अडून बसते किंवा मोटर नुसती गुणगुणते. ‘मालच हलका होता’ असा निष्कर्ष काढून हजारो रुपयांची गाडी माळ्यावर टाकली जाते. वास्तविक अशी गाडी बहुधा किनाऱ्यावर बिघडलेली नसते. ती घरी आल्यावर, खोक्यात बंद असताना बिघडते.

मीठ सुकू देत नाही

पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हा प्रत्येक घरचा अनुभव आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून घेते आणि त्यातच विरघळू लागते. समुद्राच्या पाण्यातील मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असल्याने ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओले होते. म्हणजे खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडालेली गाडी पंख्याखाली ठेवून वरवर कोरडी दिसू लागली, तरी स्क्रूच्या खाचेत आणि बेअरिंगच्या कडेला राहिलेले मीठ रात्रीच्या दमट हवेत पुन्हा पाझरते. त्यातील क्लोराइड पोलादाला गंज चढविते; ‘स्टेनलेस’ म्हणविणाऱ्या पोलादालाही त्यामुळे बारीक खड्डे पडू शकतात. विजेच्या जोडण्यांवर हिरवट थर दिसू लागला, तर तांबे खाल्ले जात आहे असे समजावे. किनाऱ्याजवळच्या इमारतींतील खिडक्यांच्या जाळ्यांचे जे होते तेच येथे होते, फक्त येथील सुटे भाग जाळीच्या गजाहून कितीतरी नाजूक असल्याने त्याला फार दिवस लागत नाहीत.

हा विषय या छंदाइतकाच जुना आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७९ मध्ये ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या खडबडीत जमिनीवर व वाळूत चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या, तेव्हा त्यांची रेडिओ यंत्रणा पाणी आणि धूळ शिरू नये अशा बंद पेटीत बसविलेली होती. आजच्या अनेक गाड्यांवर ‘वॉटरप्रूफ’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पाण्यापासून संरक्षण असते ते प्रामुख्याने रिसीव्हर, स्पीड कंट्रोलर आणि स्टिअरिंग वळविणारी सर्व्हो मोटर यांना. बेअरिंग, स्क्रू आणि धातूचे दांडे त्यात येत नाहीत. शिवाय हे संरक्षण गोड्या पाण्यापुरते समजावे. गाडी समुद्राच्या पाण्यात चालवू नये, असे नामांकित उत्पादकही आपल्या माहितीपुस्तिकेत बजावतात. तेव्हा लाटेच्या फेसातून गाडी नेऊन पाण्याची कारंजी उडविण्याचा मोह कितीही झाला, तरी तो आवरलेला बरा.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटे

देखभाल किनाऱ्यावरच सुरू होते. खेळ संपल्यावर आधी गाडी बंद करावी, मग हातातील ट्रान्समीटर. सुरू करताना नेमका उलटा क्रम. ट्रान्समीटर आधी बंद केल्यास काही गाड्या भरकटतात. त्यानंतर बॅटरीची जोडणी काढून ती गाडीबाहेर घ्यावी. बॅटरी किंवा मोटर हात ठेववत नाही इतकी तापलेली असेल, तर कुठेतरी वाळू अडकून गाडीला जड जात आहे, असे ओळखावे. रंगकामाचा एक जुना, मऊ ब्रश सोबत असल्यास चाकांच्या आतील व खालच्या पत्र्यावरील सैल वाळू तिथेच झटकता येते. ही वाळू घरच्या मोरीत न गेलेली बरी, हे वेगळे सांगायला नको.

घरी आल्यावर गाडी लगेच नळाखाली धरू नये. वरचे कवच आणि चारही चाके काढावीत. एक दशांश आकाराच्या गाड्यांच्या चाकांना बहुतेक वेळा सात मिलिमीटरचा पाना लागतो. आधी कोरडी सफाई: ब्रश, जुना टूथब्रश आणि हवेचा छोटा ब्लोअर. ब्लोअर मारताना स्पीड कंट्रोलरवरील छोटा पंखा बोटाने धरून ठेवावा; जोराच्या हवेने तो प्रमाणाबाहेर फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. केवळ मुरमाची धूळ बसली असेल, तर काम येथेच संपते. भाताच्या खाचरातील चिकणमातीचा प्रकार वेगळा. गाडी वॉटरप्रूफ नसल्यास ती माती पूर्ण वाळू द्यावी, मग तिचे पोपडे आपोआप सुटतात. ओली असताना पुसायला गेल्यास ती फटींत आणखी आत जाते.

मीठ मात्र ब्रशने निघत नाही. ते विरघळवूनच काढावे लागते आणि त्यासाठी गोडे पाणी हवे. किनारपट्टीच्या ज्या वस्त्यांत विहिरीचे वा बोअरवेलचे पाणी मचूळ लागते, तेथे गाडी त्या पाण्याने धुणे म्हणजे मीठ काढून मीठच लावणे होय. पिण्याचे दोन-तीन लिटर पाणी त्यासाठी पुरेसे आहे. वॉटरप्रूफ गाडीवर बारीक धार सोडावी किंवा स्प्रेच्या बाटलीने फवारा मारावा. भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब चालतात. एकदा धुऊन न थांबता पाणी बदलून तीन वेळा धुवावे. सर्व्हिस स्टेशनवरील दाबाचा फवारा कदापि वापरू नये, कारण त्या दाबाने पाणी रबरी सीलच्या आत शिरते. गाडी वॉटरप्रूफ नसेल, तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने एकेक भाग पुसावा आणि इलेक्ट्रॉनिक भागांजवळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा फिरवावा. गॅरेजमध्ये सुटे भाग पेट्रोलने धुण्याची पद्धत आहे. ती येथे आणू नये. आगीचा धोका तर आहेच, शिवाय पेट्रोल वा थिनरने पॉलिकार्बोनेटचे कवच तडकते आणि रबर फुगते.

धुतल्यानंतर फडक्याने टिपून गाडी पंख्याच्या वाऱ्यात ठेवावी. टायरच्या आतील स्पंजकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्यात खारे पाणी साठते, चाक जड होते आणि काही दिवसांनी कुबट वास येऊ लागतो. रिमला वा टायरला बारीक छिद्र असल्यास गोड्या पाण्यात बुडवून ते चाक हाताने जोरात फिरवावे. पाणी छिद्रातून बाहेर फेकले जाते. रिसीव्हरच्या पेटीचे झाकण उघडून आत थेंब दिसतो का, हेही पाहावे. थेंब दिसल्यास पेटी पूर्ण कोरडी होईपर्यंत बॅटरी जोडू नये.

चुंबकाला चिकटलेली वाळू

कोकणच्या किनाऱ्यावरील काळपट वाळूत मॅग्नेटाइटसारख्या लोहयुक्त खनिजांचे कण असतात. वाळूतून लोहचुंबक फिरवून पाहिल्यास त्याला काळी मिशी फुटावी तसे हे कण चिकटतात. शाळकरी मुलांचा हा आवडता प्रयोग. रिमोटच्या गाडीच्या मोटरमध्ये शक्तिशाली चुंबक असल्याने तेथेही हेच घडते. पांढऱ्या वाळूच्या देशांत लिहिलेल्या माहितीपुस्तिकांत याचा उल्लेख क्वचितच आढळतो. हे कण पाण्याने वाहून जात नाहीत आणि ब्रशने झटकले तर जागा बदलून पुन्हा चिकटतात. चिकटपट्टीचा तुकडा किंवा मुलांच्या खेळण्यातील चिकणमातीचा गोळा मोटरच्या भोकांभोवती दाबून दाबून ते उचलावे लागतात. साध्या, ब्रश असलेल्या मोटरचे कवच हवा खेळण्यासाठी उघडे असते, त्यामुळे कण आत जाऊन कार्बनचे ब्रश व कम्युटेटर घासून टाकतात. अशी मोटर मंद वेगाने फिरवून करकर ऐकू येते का, ते पाहावे. ब्रशलेस मोटर बऱ्याचदा बंदिस्त असते, पण तिच्याही दोन टोकांना बेअरिंग असतातच.

आता बेअरिंगविषयी थोडे सविस्तर, कारण गाडीचे आयुष्य त्यावरच ठरते. चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत अशी वीसच्या आसपास बेअरिंग असू शकतात. पाच मिलिमीटरचे भोक आणि दहा वा अकरा मिलिमीटरचा बाहेरचा व्यास हे नेहमीचे माप. समुद्रावर गाडी नेल्यानंतर निदान चाकांजवळची बेअरिंग काढून बोटावर फिरवून पाहावीत. मोकळे फिरले तर बाहेरून पुसून पुन्हा बसवावे. खरखर जाणवल्यास त्याची रबरी चकती सुईच्या टोकाने अलगद उचलावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बेअरिंग हलवून धुवावे, पूर्ण वाळवावे आणि शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब सोडावा. एकच. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरविण्याची खोड अनेकांना असते. तेलाविना असे फिरल्याने ते जागीच खराब होते. गंजाचे तांबूस डाग दिसले तर धुण्यात वेळ न घालविता ते बदलावे. एका बेअरिंगचा खर्च किरकोळ असतो, पण तेच अडकून फुटले तर दांडा आणि चाकाचा आधारही घेऊन जाते.

पाणी हटविणारा फवारा आणि तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्ल्यूडी-४० हा प्रसिद्ध फवारा १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झाला. त्याच्या नावातील दोन अक्षरांचा अर्थच ‘पाणी हटविणे’ असा होतो. स्क्रू आणि धातूचे दांडे यांवर तो फडक्याने लावून पुसून घेण्यास हरकत नाही. बेअरिंगमध्ये मात्र तो वंगण म्हणून भागत नाही. उलट आतील मूळ ग्रीस पातळ करून बाहेर काढतो.

उघड्या गिअरलाही तेल वा ग्रीस लावू नये. हे अनेकांना पटत नाही, परंतु मोटरवरचा लहान धातूचा गिअर आणि त्याला लागलेला मोठा प्लास्टिकचा गिअर कोरडेच चालायचे असतात. तेथे ग्रीस लावल्यास वाळू चिकटून तिचे पॉलिशपेपरसारखे मिश्रण बनते आणि प्लास्टिकचे दात काही फेऱ्यांतच झिजतात. मोटर काढून परत बसविताना दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी धरून मगच स्क्रू आवळावेत. पट्टी काढल्यावर उरते तेवढी फट योग्य असते. शॉकअबसॉर्बरचे दांडे पुसून घ्यावेत. त्यांवर तेलाचा ओघळ दिसल्यास आतील रबरी कडी गेली असे समजावे. आत भरायचे तेल सिलिकॉनचेच हवे. स्कूटरचे इंजिन ऑइल घातल्यास कडी फुगण्याचा संभव असतो.

बॅटरी: येथे आळस नको

बाकी सगळ्या चुका पैशांत भरून निघतात, बॅटरीची चूक मात्र आग लावू शकते. निकेल मेटल हायड्राइड बॅटरी बरीच सोशिक असते. लिथियम पॉलिमर अर्थात लायपो बॅटरी तशी नाही. घरी आल्याबरोबर तापलेली बॅटरी चार्जरला लावू नये. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. पूर्ण भरलेल्या लायपोचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर असतो, तर आठवडाभर वा अधिक काळ ठेवायची असल्यास तो सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. बॅलन्स चार्जरवर त्यासाठी ‘स्टोरेज’ नावाची सोय असते. चार्जिंग फरशीवर करावे. गादीवर, सोफ्यावर वा पडद्याजवळ नव्हे, आणि घरात कुणी जागे असतानाच करावे. बॅटरीवर खारे पाणी उडाले असल्यास जोडणीची टोके गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावीत. फुगलेली किंवा आवरण फाटलेली बॅटरी पुन्हा चार्ज करूच नये. ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी बॅटरी घरगुती कचऱ्यात न मिसळता वेगळी देण्याची जबाबदारी ग्राहकावर आहे. सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात ती टाकल्यास कचऱ्याच्या गाडीतच पेट घेण्याचा धोका असतो.

जून ते सप्टेंबर या काळात गाडी बंद ठेवायची असेल, तर झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या चार-सहा पुड्या एवढी तयारी पुरते. रंग बदलणारे जेल मिळाल्यास ओल कधी धरली ते दिसते आणि ते गरम करून पुन्हा वापरता येते. टायर चपटे होऊ नयेत म्हणून गाडी ठोकळ्यावर, चाके अधांतरी राहतील अशी ठेवावी. बॅटरी त्या डब्यात ठेवू नये.

पुन्हा बाहेर काढताना सगळे स्क्रू एकदा हाताखालून घालावेत. धातूत बसणाऱ्या स्क्रूंना निळे थ्रेडलॉक लावावे, प्लास्टिकमध्ये जाणाऱ्यांना नको. मग चाके अधांतरी ठेवूनच मोटर मिनिटभर मंद वेगाने चालवावी. आवाज एकसुरी आला तर गाडी तयार आहे. मध्येच टकटक होत असेल तर गिअरच्या दातांत खडा आहे, आणि चाक हाताने फिरविल्यावर चटकन थांबत असेल तर त्या बाजूचे बेअरिंग पुन्हा उघडावे लागणार.