डेस्कटॉप सूचना

डेस्कटॉप सूचना म्हणजे संगणकावर काम चालू असताना एखाद्या घटनेची माहिती देण्यासाठी पडद्याच्या कडेला थोडा वेळ दिसणारा छोटा संदेश होय. नवीन ई-मेल, संपत आलेली बॅटरी, पूर्ण झालेले डाउनलोड व हवामानाचा इशारा ही तिची नेहमीची उदाहरणे आहेत. संवादचौकट उत्तर मिळेपर्यंत काम अडवून धरते. सूचना मात्र काम न थांबवता माहिती देते.

इतिहास

विंडोज एक्सपीमध्ये कार्यपट्टीच्या टोकाशी फुग्याच्या आकाराच्या सूचना दिसत. मॅक संगणकांसाठी २००४ मध्ये ‘ग्रोल’ ही स्वतंत्र प्रणाली आली. २०१२ मध्ये ॲपलने स्वतःचे सूचना केंद्र दिले. उबुंटू ९.०४ (२००९) मधील सूचनांना बटणे नव्हती आणि माउसचा दर्शक जवळ नेताच त्या पारदर्शक होत. विंडोज १० (२०१५) मध्ये निसटलेल्या सूचना एकत्र पाहण्याची सोय झाली.

तातडीचे स्तर

लिनक्सवरील डेस्कटॉपसाठीच्या फ्रीडेस्कटॉप विनिर्देशात सूचनांचे कमी, सामान्य व गंभीर असे तीन स्तर आहेत. गंभीर सूचना आपोआप नाहीशी होऊ नये, असा त्यात संकेत आहे. जुन्या सूचनेच्या जागी सुधारित सूचना दाखवण्याचीही तरतूद असल्याने एकाच विषयाचे संदेश साचत नाहीत.

स्तर चुकीचा ठरवल्यास महत्त्वाची सूचना दुर्लक्षित राहते. भारतीय हवामानशास्त्र विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा चार रंगांत इशारे देतो. पावसाळ्यात पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा दिला जातो. लोणावळा व मावळ तालुक्याचा पश्चिम भाग या पट्ट्यात येतो. लोणावळ्याच्या सहलीची आखणी करणाऱ्याला लाल इशारा आणि ‘अद्यतन पूर्ण झाले’ हा संदेश एकाच रूपात दिसले, तर दोन्ही सारख्याच सहजतेने बंद केले जातात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात पाण्याचा लोंढा वाढून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले होते. प्रत्यक्ष धबधब्यापाशी असलेल्या व्यक्तीपर्यंत डेस्कटॉप सूचना पोहोचत नाही. त्यासाठी मोबाइल मनोऱ्यांवरून परिसरातील सर्व फोनवर एकाच वेळी संदेश पाठवणारी सेल ब्रॉडकास्ट पद्धत उपयोगी पडते. भारतात तिच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या.

एकाग्रतेवरील परिणाम

मेरी झेर्विन्स्की, एडवर्ड कट्रेल व एरिक हॉर्विट्झ यांच्या २००१ च्या अभ्यासानुसार, कामाच्या सुरुवातीला आलेला संदेश नंतर आलेल्या संदेशापेक्षा मूळ उद्दिष्ट अधिक विसरायला लावतो. त्यामुळे कमी तातडीच्या सूचना रोखून ठेवणे, त्या गटाने दाखवणे आणि ‘व्यत्यय नको’ स्थिती देणे हे उपाय प्रचलित झाले.

सुगम्यता व गोपनीयता

डब्ल्यूसीएजी २.१ (२०१८) या वेब सुगम्यता मानकानुसार, स्थितिदर्शक संदेश लक्ष्यबिंदू न हलवताही पडदावाचक प्रणालीला कळले पाहिजेत. सूचना केवळ रंगावर किंवा आवाजावर अवलंबून असू नये. कुलूपबंद पडद्यावर किंवा प्रक्षेपकावर खासगी मजकूर उघड होऊ नये, म्हणून तो लपवण्याचा पर्यायही दिला जातो.