तळटीप : जीपची अश्वशक्ती

३. ७५ अश्वशक्ती : हा आकडा विलिसच्या ‘हरिकेन’ इंजिनाचा असून तो ‘ग्रॉस’ आहे. हेच इंजिन मुंबईच्या महिंद्राच्या सीजे-३बी जीपमध्येही होते. ‘ग्रॉस’ मोजणीत इंजिन गाडीबाहेर चालवत. पंखा, हवेची गाळणी, सायलेन्सर यांचा भार त्यावर नसे. म्हणून चाकांपर्यंत पोचणारी ताकद बरीच कमी असते. महायुद्धातल्या जीपच्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाची ६० अश्वशक्तीही अशाच मोजणीची. त्याच इंजिनासाठी आढळणारा १५.६३ हा आकडा मात्र सिलिंडरांचा व्यास आणि संख्या यांवरून काढलेला, करआकारणीपुरता आहे. १९७२मध्ये अमेरिकी कंपन्या हे भार धरूनच्या ‘नेट’ मोजणीकडे वळल्या, तेव्हा त्या काळी जीप बनवणाऱ्या एएमसीच्या ३०४ घनइंची व्ही-८ इंजिनाचे २१० एका वर्षात १५० झाले. फरक मुख्यतः मोजणीचा होता. तेव्हा दोन काळांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. ‘हरिकेन’, ‘डॉन्टलेस’ ही जीपच्या इंजिनांची नावे विक्रीसाठी दिलेली. त्यांवरून ताकद ठरत नाही. घाटात, चिखलात कामी येतो तो कमी फेऱ्यांवरचा टॉर्क आणि लो गिअर. ‘गो डेव्हिल’चा टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांवर १०५ फूट-पाउंड होता. त्या जीपची खरी ओळख या आकड्यात आहे. — संपा.