नगराध्यक्षाचे खासगी दप्तर : महाडच्या निमित्ताने काही विचार

चवदार तळ्याचा लढा दोन ठिकाणी लढला गेला, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. पहिला लढा तळ्याच्या काठावर २० मार्च १९२७ रोजी झाला. त्याचे स्मरण आपण प्रतिवर्षी करतो. दुसरा न्यायालयात झाला आणि तो सुमारे दहा वर्षे चालला. त्या दुसऱ्या लढ्यात शस्त्र होते ते कागदाचे. प्रस्तुत लेखाचा विषय हा कागद आहे. आणि त्यातही विशेषेकरून तो कागद, जो नगरपालिकेच्या कचेरीत न राहता तिच्या अध्यक्षाच्या घरी जातो आणि तेथेच बहुधा नष्ट होतो.

घटनाक्रम वाचकांस परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे खुले केले. पुढे तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सहस्रावधी लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती, हा योगायोग कोणाच्या ध्यानी आला होता की नाही, कोण जाणे!

त्यानंतर डिसेंबर १९२७ मध्ये नरहरी दामोदर वैद्य प्रभृतींनी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी वादींचे अपील फेटाळले. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावा असे मला वाटते. अस्पृश्यतेविरुद्धचे एखादे ओजस्वी वक्तव्य त्यात शोधू गेल्यास वाचकाची निराशा होईल. तेथे शांतपणे पुरावा तपासलेला आहे. महाड नगरपालिका १८६५ मध्ये स्थापन झाली. खटल्यात हजर केलेल्या कागदांपैकी सर्वांत जुना १८६९ चा. तेव्हापासून तळे नगरपालिकेच्या ताब्यात आहे. तळ्याची व्यवस्था तिनेच पाहिली आहे. स्पृश्यांखेरीज इतरांस मज्जाव करण्याची अनादि काळापासूनची रूढी वादी सिद्ध करू शकले नाहीत. १८६९ सालचा तो कागद लिहिणाऱ्या कारकुनास आपण मानवी हक्काच्या एका महान लढ्याचा पुरावा तयार करीत आहोत, याची कल्पना असणे शक्यच नव्हते. तो आपले नित्याचे काम करीत होता, आणि तो कागद कोणीतरी टाकून दिला नाही, एवढेच.

परंतु नगरपालिकेच्या दप्तराची मर्यादाही येथेच दिसते. इतिवृत्ताच्या वहीत ठराव असतो, सूचक-अनुमोदकांची नावे असतात, फार तर मते असतात. १९२४ चा ठराव तीन वर्षे अंमलात का आला नाही? कोण कचरले, कोणी कोणाला घरी बोलावून समजाविले, कोणावर जातीचे दडपण आले? या प्रश्नांस वही उत्तर देत नाही. सत्याग्रहाच्या वेळी नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, म्हणजे आपले सुरबानाना, हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील गृहस्थ. अनंतराव चित्रे त्यांचे ज्ञातिबांधव, तर गंगाधरपंत सहस्रबुद्धे ब्राह्मण. स्वजनांचा रोष पत्करून ही मंडळी बाबासाहेबांसोबत उभी राहिली. त्या रोषाचे स्वरूप कळण्याचे साधन म्हणजे अशा माणसाच्या घरी आलेली पत्रे, भाषणांचे कच्चे मसुदे, रोजनिशी, निनावी धमक्या, जिल्हाधिकाऱ्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या नकला. लहान गावात अर्जदार कचेरीत जाण्याआधी अध्यक्षाच्या ओसरीवर येतो. तेथे जे बोलले जाते त्याचा मागमूस कचेरीच्या दप्तरात नसतो.

दुसरी अडचण कायद्याची आहे. शासकीय दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम राखायचे, ‘ब’ तीस वर्षे, आणि शेवटच्या वर्गांतील कागद अल्पकाळाने रीतसर नष्ट करायचे. वस्तीत नळ नाही, दिवा नाही, अशा तक्रारींचे अर्ज बहुधा या शेवटच्या वर्गांत पडतात, म्हणजे ते कायद्यानेच नाहीसे होतात. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कचेऱ्यांच्या अभिलेखांपुरता आहे. अध्यक्षाच्या माळ्यावरील ट्रंकेस तो लागू नाही. तेव्हा अशा अर्जाची घरी राहिलेली नक्कल ही पुष्कळदा एकमेव प्रत ठरते.

हे काम घरच्यांनी केले तर काय साधते, याचे उदाहरण महाड परिसरातच आहे. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेच्या आयोजनात फार मोठा वाटा उचलला. त्यांचे आत्मकथन अपुरे राहिले. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी ते जतन करून, पूर्ण करून प्रकाशात आणले. ते नसते तर महाडच्या पूर्वतयारीचे आपले ज्ञान कितीतरी तोकडे राहिले असते. उलट बाजूही पाहावी. खुद्द बाबासाहेबांचे कागद १९५६ नंतर दीर्घकाळ पेट्यांतून पडून होते. शासनाची प्रकाशन समिती १९७६ मध्ये नेमली गेली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. बाबासाहेबांच्या कागदांस तेवीस वर्षे वाट पाहावी लागली, तर तालुक्याच्या गावच्या नगराध्यक्षाच्या कागदांची काय कथा?

काही वर्षांपूर्वी अशाच एका गावी एका दिवंगत नगराध्यक्षांच्या घरी मला बोलावणे आले. ते आपल्याच समाजातील. नातवाने ट्रंक उघडून तीन ढीग केले होते. एकात बाबासाहेबांचा उल्लेख असलेले कागद, दुसऱ्यात छायाचित्रे, आणि तिसरा सर्वांत मोठा ढीग रद्दीसाठी. त्या तिसऱ्या ढिगात नळजोडणीच्या पावत्या होत्या, स्मशानभूमीच्या वाटेसंबंधीचे अर्ज होते, वस्तीतील बायांनी अंगठे उठवून दिलेली निवेदने होती, आणि काही मोडी कागद होते, ज्यांकरिता मला बोलाविले होते. गावाचा इतिहास होता तो या ढिगात! पण येथे माझीही चूक सांगितली पाहिजे. उत्साहाच्या भरात मी त्यातील ‘महत्त्वाची’ वाटलेली पत्रे वेचून निराळ्या पाकिटात भरली. कोणते पत्र कोणत्या अर्जासोबत टाचलेले होते, कोणत्या रुमालात होते, हे त्यामुळे कायमचे पुसले गेले. कागदांची मूळ रचना मोडू नये, हा अभिलेखशास्त्राचा पहिला धडा मी तो मोडल्यावर शिकलो.

पालीचा विद्यार्थी म्हणून मला येथे विनयपिटक आठवते. महावग्गाच्या चीवरक्खन्धकात मृत भिक्खूच्या मागे राहिलेल्या वस्तूंचा निर्णय आहे. पात्र व चीवर ज्याने शुश्रूषा केली त्या गिलानुपट्ठाकास द्यावे; लहुभण्ड उपस्थित संघाने वाटून घ्यावे; परंतु गरुभण्ड हे आलेल्या आणि अद्याप न आलेल्या चातुद्दिस संघाचे आहे, ते अविस्सज्जिक व अवेभङ्गिक, म्हणजे देऊन टाकण्यास व वाटून घेण्यास अयोग्य होय. हा विवेक मला फार मोलाचा वाटतो. आजोबांचे घड्याळ, चष्मा, लेखणी ज्यांनी त्यांची सेवा केली त्यांना मिळावी. त्यात कोणाचे काही म्हणणे असू नये. कागद मात्र गरुभण्ड समजावेत. चार भावांनी चार रुमाल वाटून घेणे आणि ट्रंक रद्दीत घालणे, यांत परिणामाच्या दृष्टीने फारसे अंतर नाही.

अवेभङ्गिक म्हणताना आणखी एक गोष्ट येते आणि ती कुटुंबीयांस जड जाते. गैरसोयीचे कागदही राहिले पाहिजेत. ज्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले तिनेच १९२७ मध्ये ते बंद केले. या दोन्ही ठरावांपैकी एकच जपला गेला असता तर महाड आपल्याला कळले नसते. नगराध्यक्षाने एखाद्या वेळी माघार घेतली असेल, विरोधकाशी तडजोड केली असेल, पक्ष बदलला असेल. ते पत्र जाळणारा नातू आजोबांची प्रतिष्ठा राखतो असे समजतो, पण त्यांच्यावर असलेला दाबही तो त्याचबरोबर जाळून टाकतो. ज्या पत्रांत तिऱ्हाइतांची खासगी दुःखे आहेत ती ठरावीक मुदतीपर्यंत मोहोरबंद ठेवावीत. तशी अट दानपत्रात घालता येते.

प्रत्यक्ष कामास फार खर्च लागत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही. क्रमांक शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात घालावेत. वाळवी आणि कसर यांपासून दूर, जमिनीपासून उंच, ओल नसलेल्या जागी रुमाल ठेवावेत. आधी यादी, मग छायाचित्रण. छायाचित्र काढले म्हणून मूळ कागद टाकू नये. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत, म्हणून मोडी कागदांवर आधी बसावे. विहाराच्या ग्रंथालयात एक कपाट आणि यादी ठेवणारा एक जबाबदार उपासक एवढे असले तरी प्रारंभ होतो. पुढे राज्य पुराभिलेखागाराशी बोलता येते.

त्या ट्रंकेतील कागद आता एका विहारात आहेत. यादी पुरी झाली आहे. मी वेचलेली पत्रे मात्र अजून वेगळ्या पाकिटातच असून, पाकिटावर ‘मूळ स्थान अज्ञात’ असे शिसपेन्सिलीने माझ्याच अक्षरात लिहिले आहे.