कौरवांची मडकी आणि केईएमची नोंदवही

जानेवारी २०१९. जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एक कुलगुरू म्हणाले, शंभर कौरव टेस्ट ट्यूब बेबी होते. आम्ही विचारतो, त्या तुपाच्या मडक्यांची नोंदवही कुठे आहे?

६ ऑगस्ट १९८६ ला मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा, डॉ. आनंद कुमार यांनी स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून गर्भ आईच्या गर्भाशयात सोडला होता, टप्प्याटप्प्याच्या नोंदींसह. देशातली पहिली म्हणून तिचा गाजावाजा झाला.

पण कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी गर्भ गोठवून ठेवून केलेल्या प्रयोगातून दुर्गा १९७८ मध्येच जन्मली होती. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. (समितीला मडकी पटली असती बहुधा!) त्यांची टिपणे वाचून १९९७ मध्ये आनंद कुमारांनीच पहिलेपणाचा मान मुखर्जींना दिला.