मुक्ती सदन, केडगाव
पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील निराधार स्त्रियांची वसाहत. संस्थापक : पंडिता रमाबाई (1858–1922). विधवांसाठी रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास हलविले. मुलींच्या धर्मांतरावरून 1893 मध्ये वाद पेटून रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे 300 मुली व स्त्रियांसाठी रमाबाईंनी केडगावला घेतलेली जमीन उपयोगी पडली आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. येथील निवारा केवळ अन्नछत्र नव्हता. उपासमार, वैधव्य वा अत्याचार सोसून आलेल्या बाईला येथे अक्षरओळख, हाताला काम आणि सोबतिणी मिळत. शेती, विणकाम, गोपालन व छपाई ही कामे स्त्रियाच करीत; खिळे जुळवून मजकूर छापणाऱ्या बायका त्या काळी अपूर्वच होत्या. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्यांसाठी कृपा सदन होते. अंध स्त्रियांना रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल लिपी शिकवीत. मदतीचा ओघ मुख्यतः परदेशी ख्रिस्ती मंडळींकडून येई आणि उपासना हा दिनक्रमाचा गाभा होता. त्यामुळे टीका शमली नाही. त्या टीकेत तथ्य होते, तथापि टाकलेल्या स्त्रीला घर देण्याचे एवढे मोठे काम टीकाकारांपैकी कोणीही उभारले नव्हते. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. संस्था आजही पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने केडगावात कार्यरत आहे.